तोंड फिरवण्याचा अधिकार

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, कार्टरव्हिल नावाच्या गावी, एका थडग्याच्या दगडावर एकाच आयुष्याच्या तीन तारखा कोरलेल्या आहेत: जन्म २० जुलै १९५७, प्रस्थान ११ जानेवारी १९८३, शांती २६ डिसेंबर १९९०. नॅन्सी क्रूझन ही पंचविशीतली तरुणी एका हिवाळी रात्री मोटारीच्या अपघातात सापडली. मदतीला धावलेल्यांनी तिचे थांबलेले हृदय पुन्हा चालते केले, पण प्राणवायूवाचून गेलेल्या त्या मिनिटांत मेंदूचे जाणते अंग परतीच्या पलीकडे गेले होते. पुढची जवळजवळ आठ वर्षे ती श्वास घेत राहिली, पोटात बसवलेल्या नळीतून तिला अन्न मिळत राहिले, आणि तिचे आईवडील बिछान्याशेजारी बसून एकाच प्रश्नाशी झुंजत राहिले. दगड घडवायला दिला तेव्हा त्यांना मधली तारीख वगळता आली नाही. मृत्यू एका क्षणी येतो, त्या क्षणाची वेळ टिपता येते, त्या तिथीला दरवर्षी पान वाढता येते, ही माणसाची किती जुनी खात्री. त्या आईबापांनी ती दगडावरच्या एका ओळीत मोडून ठेवली आहे. प्रस्थान आणि शांती यांच्या मधल्या काळाला नाव नाही, विधी नाहीत, सुतक नाही, आणि तरीही आज असंख्य घरे त्याच काळात राहत आहेत.

नळी काढावी, अशी आईवडिलांची मागणी होती. मिझुरीच्या न्यायालयाचे म्हणणे असे, की ही इच्छा मुलीची स्वतःची होती याचा स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा हवा. आणि २५ जून १९९० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याचा हा आग्रह वैध ठरवला. लिहिलेले काहीच नव्हते. पंचविसाव्या वर्षी असले काही कोण लिहून ठेवते? होते ते एवढेच, की जिच्याबरोबर ती एकेकाळी राहत होती त्या मैत्रिणीशी बोलता बोलता ती म्हणाली होती, निदान अर्धेमुर्धे तरी नीट जगता येणार नसेल तर मला जगायचे नाही. पुढे आणखी काही जणांना तिची अशीच बोलणी आठवली, स्थानिक न्यायाधीशांनी ती ग्राह्य मानली, १४ डिसेंबरला नळी काढली गेली आणि बारा दिवसांनी दगडावरची तिसरी तारीख उगवली.

त्या मैत्रिणींच्या संभाषणाचा मी पुष्कळदा विचार करते. गॅलरीत कपडे वाळत घालताना, कुणाच्या तरी लांबलेल्या दुखण्याची बातमी ऐकून आपण सगळ्याच असे एखादे वाक्य बोलून जातो: माझे असे हाल करू नका गं. ते बोलताना आपण पुरत्या गंभीर नसतो आणि पुरत्या थट्टेतही नसतो. मनाच्या खोल तळातून आलेली गोष्ट आपण मुद्दाम हलक्या आवाजात सांगत असतो, कारण जड आवाजात ती ऐकवत नाही. जे वाक्य उच्चारताना तिने क्षणभरही तोलले नसेल, ते एका मोठ्या देशाच्या न्यायव्यवस्थेने तराजूत घातले. आयुष्यभर माणूस किती बोलतो, आणि शेवटी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला त्यातले कोणते वाक्य उभे राहील, हे त्याला कधीच ठाऊक नसते.

हा मधला काळ मानवाच्या इतिहासात फार नवा आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण दाखल होत होते आणि त्यांना श्वास देणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून तीत नळी बसवून घेतली आणि रबराची पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. मग वैद्यकाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी, दिवसरात्र, महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभागाचा जन्म झाला तो असा, माणसांच्या मनगटांतून. दुसऱ्याचा श्वास आपल्या हाताने घेणे ही केवढी विलक्षण गोष्ट आहे! रुग्ण बहुधा शुद्धीवर असत. विद्यार्थ्यांना त्यांचे डोळे दिसत. कुणासाठी दाबतो आहोत, हे त्या हाताला ठाऊक होते, आणि कुणाचा जीव गेला तर हातालाच ते प्रथम कळत असावे.

नंतर पिशवीची जागा यंत्राने घेतली. यंत्र दमत नाही, त्याला घरी जायचे नसते, ते समोरच्या डोळ्यांत पाहत नाही; म्हणूनच थांबावे केव्हा, हा प्रश्न यंत्राबरोबर जन्माला आला. कोपनहेगनच्या त्या साथीला पाच वर्षे होतात न होतात तोच, नोव्हेंबर १९५७ मध्ये, ऑस्ट्रियातल्या एका भूलतज्ज्ञाने विचारलेल्या प्रश्नांना पोप बारावे पायस यांना जाहीर उत्तर द्यावे लागले. असाधारण उपाय करीत राहण्याचे बंधन माणसावर नाही, असे ते म्हणाले. आणि मृत्यूचा नेमका क्षण कोणता, हे ठरवण्याचे काम त्यांनी वैद्यकाकडे सोपवले. धर्मपीठाने मृत्यूची व्याख्या डॉक्टरांच्या हवाली करावी, एवढा मोठा पालट किती थोड्या वर्षांत घडून आला! डॉक्टरांनी पुढे ती जबाबदारी न्यायालयाकडे सरकवली, न्यायालयाने नातेवाइकांकडे, आणि नातेवाईक आज आयसीयूच्या बाहेरच्या बाकांवर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलेले आहेत.

कॅरन अ‍ॅन क्विनलन हे नाव या प्रश्नाच्या इतिहासात पहिले मानतात. १९७५ साली ही न्यू जर्सीतली तरुणी बेशुद्ध झाली ती पुन्हा शुद्धीवर आली नाही, आणि ३१ मार्च १९७६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वडिलांना श्वासयंत्र काढण्याविषयी निर्णय घेण्याची मुभा दिली. यंत्र काढले, ती मेली नाही. स्वतःच्या श्वासावर ती आणखी नऊ वर्षे, १९८५ च्या जूनपर्यंत, जगली. मला या कथेतली सर्वांत खोल गोष्ट वाटते ती निराळीच: श्वासाचे यंत्र काढा म्हणून न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या आईवडिलांनी अन्नाची नळी काढा असे कधीच म्हटले नाही.

श्वास यंत्राचा असू शकतो, हे मन कसेबसे स्वीकारते. घास मात्र कुणाच्या तरी हाताचाच असतो. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरोच्या मैदानावरच्या चेंगराचेंगरीत जाणीव गमावलेल्या टोनी ब्लँड या तरुणाच्या खटल्यात तिथल्या उमराव सभेने १९९३ मध्ये ठरवले, की नळीवाटे दिलेले अन्न हा वैद्यकीय उपचारच होय, आणि जो उपचार रुग्णाच्या हिताचा उरलेला नाही तो थांबवता येतो. बुद्धीला हे पटते. पण कडेवरच्या पोराला चिऊ-काऊचे घास भरवलेल्या हाताला ते पटत नाही, आणि त्या हाताच्या न पटण्याला केवळ भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे मला कधी जमलेले नाही. माणसाचा माणसाशी पहिला करार अन्नाचा असतो. तो मोडायचा तर कोणी, कोणाच्या वतीने, आणि कोणत्या खुणेवरून?

माझी एक आत्या राजापूरजवळच्या खेड्यात वारली. वय झाले होते. नाव सांगावे असे दुखणे नव्हते. एके दिवशी तिने पेजेची वाटी हाताने बाजूला सारली आणि दुसऱ्या दिवशी चमचा ओठांशी नेला तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवले. तिची वहिनी स्वयंपाकघरात येऊन एवढेच म्हणाली, "आत्यांनी अन्न सोडलं." त्या वाक्यासरशी घराची लय बदलली. मुंबईला कळवले गेले, देवघरातली गंगेची लोटी खाली आली, ओठ ओले करायला कापसाचा बोळा वाटीत भिजत राहिला, आणि खाण्याचा आग्रह थांबला. मशीन, नळी, उपचार थांबवणे, संमती, यांपैकी एकही शब्द कुणी उच्चारला नाही. निर्णय तिचा तिने केला होता. तो कागदावर नव्हता, पण वाचता येईल इतका स्पष्ट होता, आणि तो वाचणारी माणसे घरात होती.

या आठवणीला मी सोन्याचा मुलामा देऊ इच्छित नाही. त्याच कोकणात, त्याच माजघरांत, एखादी म्हातारी अन्न सोडायची ती घरावरचा आपला भार हलका व्हावा म्हणूनही. आणि एखाद्या विधवा काकूने तोंड फिरवले तर ते पुन्हा वळवण्यासाठी कुणी फारसे खपलेही नसेल. नकार स्वतःचा आहे की आजूबाजूच्यांच्या डोळ्यांतून वाचून घेतलेला, हे ओळखायला प्रेम लागते, आणि प्रेम सगळ्याच घरांत नसते. तरीही ती एक भाषा होती. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध नाकारले, सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत तीच वाट धरली, तेव्हा साऱ्या देशाला त्या नकारामागचा कर्ता दिसत होता. त्यांची आयुष्येच इतकी उच्चारित होती की शेवटच्या वाक्याचा अर्थ लावायला कुणाला दुभाष्या लागला नाही. माझ्या आत्याने गीतेवर प्रवचने दिली नव्हती. पण ज्या भाषेत ते दोघे बोलले त्याच भाषेत तीही बोलली, आणि तिच्या वहिनीला ती समजली.

आपल्या जुन्या वैद्यकाला ही भाषा ठाऊक होती. चरकसंहितेतले एक संपूर्ण स्थान, इंद्रियस्थान, मृत्यू जवळ आल्याची चिन्हे वाचण्याला वाहिलेले आहे: वर्ण कसा पालटतो, स्वर कसा उतरतो, गंध, छाया, स्वप्ने काय सांगतात. वैद्याच्या ज्या चार वृत्ती चरकाने सांगितल्या त्यांत सर्वांशी मैत्री आहे, आर्तांविषयी करुणा आहे, बरे होऊ शकणाऱ्याविषयी प्रीती आहे, आणि जो मृत्यूच्या वाटेला लागला त्याच्या बाबतीत हात आवरून घेणेही आहे. ज्याने विचारलेले नाही त्याला मरण समोर आल्याचे सांगू नये, असाही दंडक तिथे आहे. आजच्या दृष्टीला यातले काही खुपेल. रुग्णाला अंधारात ठेवणे आपल्याला मान्य नाही आणि ते योग्यच आहे. पण हात आवरून घेणे हे करुणेच्याच पंक्तीला बसवावे, ती वैद्याची हार मानू नये, ही समज हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी होती, या विचाराने मला धीर येतो.

नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी ओठांना वगळते. ती काही शत्रू नव्हे. तिने असंख्यांना दुखण्याच्या खाईतून परत आणले आहे, आणि ज्याला आठ दिवसांनी उठून बसायचे आहे त्याच्यासाठी ती वरदानच. पण ज्याला उठायचे नाही त्याच्या हातून तिने शेवटचे साधन काढून घेतले. चमचा ओठांशी येतच नाही, तर तोंड कशापासून फिरवायचे? कधी रुग्ण अर्धवट गुंगीत ती नळी उपसून काढतो. मग त्याचे हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले जातात आणि नोंद होते, रुग्ण अस्वस्थ आहे. ती नुसती अस्वस्थता असेलही. मेंदूला चढलेला ताप असेल, औषधाचा अंमल असेल. पण ते उत्तर नसेलच, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

या साऱ्याचा विचार मुंबईच्या परळमध्ये, केईएम रुग्णालयाच्या चार नंबरच्या वॉर्डापाशी आल्यावाचून पुरा होत नाही. अरुणा शानबाग कर्नाटकातल्या हळदीपूरहून आलेली, त्या रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. तीही पंचवीस वर्षांचीच होती. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात एका खाटेवर होती, आणि तिला सांभाळले ते तिच्यासारखाच पांढरा गणवेश घातलेल्या बायकांनी. पिढ्या बदलल्या. तिच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या, तिला कधी चालताना न पाहिलेल्या मुली आल्या, आणि त्यांनीही तिची कूस बदलली, तिला पुसून घेतले, तिला भरवले. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. मुंबईसारख्या धावत्या शहराने केलेल्या कामांमध्ये हे काम मी फार वर ठेवीन.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि २००९ मध्ये तिची सुहृद म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की आता तिला भरवणे थांबवावे. या खटल्यात श्वासयंत्र नव्हतेच. अर्ज झाला तेव्हा प्राण टिकवून धरणारे साधन म्हणजे मऊ केलेला भात, मासळी, कोंबडीचे सूप, आणि ते भरवणारा हात. रुग्णालयाच्या वतीने शपथेवर सांगितले गेले, की ती नेहमीप्रमाणे अन्न स्वीकारते, चेहऱ्यावरच्या भावांनी प्रतिसाद देते, शौचाला वा लघवीला व्हायचे असेल तेव्हा आवाज करते आणि परिचारिकांना तो ओळखू येतो. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासले आणि कायमच्या जाणीवशून्य अवस्थेची बहुतेक लक्षणे तिच्यात आहेत असे नोंदवले. आणि त्या अवस्थेत गिळणे, ओठ हलणे, डोळे फिरणे हे सारे मनाच्या सहभागाशिवायही होऊ शकते. एकच उघडलेले तोंड. परिचारिकांनी त्यात होकार वाचला. विराणींना दिसले ते नुसते उघडले जाणारे तोंड, ज्याला बंद होण्याचा पर्याय उरलेला नव्हता.

७ मार्च २०११ च्या निकालाने मार्कंडेय काटजू आणि ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने ठरवले, की अशा रुग्णाचा जीवनाधार उच्च न्यायालयाच्या परवानगीने काढता येऊ शकतो, परंतु अरुणाची खरी सुहृद म्हणजे केईएमचे कर्मचारी, आणि त्यांना ती जगायला हवी आहे. मला हा निकाल आतून पटतो, आणि तो पटल्यावरही माझे मन शांत होत नाही. पटतो तो यासाठी, की लेखी काही नसेल तर बोलण्याचा हक्क ज्याने सेवा केली त्याचा, हे न्यायालयाने रक्ताच्या नात्यालाही आणि दुरून केलेल्या कळवळ्यालाही मागे सारून सांगितले. सहवासातून ज्ञान येते, ही गोष्ट त्याने कायद्यात बसवली. अशांत राहते ते यासाठी, की त्या सहवासाला उत्तर एकच येत होते. ज्या हातांनी वर्षानुवर्षे भरवले त्यांना थांबण्याची खूण दिसली असती का? दिसली असती तर ती वाचण्याचे बळ त्यांच्यात असते का? प्रेम जेव्हा रोजचे काम होते, पिढ्यांचे व्रत होते, तेव्हा त्या व्रताला स्वतःचे म्हणून एक जगणे येते, आणि मग समोरची व्यक्ती त्या व्रताची मूर्ती होऊन बसते. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. आईच्या प्रेमातही हे असते.

निकालपत्रात अरुणाचे स्वतःचे एखादे वाक्य सापडत नाही. नॅन्सीच्या मैत्रिणीला आठवले तसे काही ती परिचारिकांच्या निवासात, रात्रपाळी संपवून केस मोकळे सोडताना, कुणाशी बोलली असेल का? ती दुखणाइतांमध्ये वावरणारी मुलगी होती. आशा संपलेले देह तिने रोज पाहिले असतील, पुसले असतील, आणि एखाद्या पहाटे कुणा सखीला म्हणालीही असेल. ती सखी कुठल्या गावी, कुठल्या संसारात विरली असेल. न्यायालयाने एक दार उघडे ठेवले होते: कर्मचाऱ्यांचे मन पुढे बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे. चार वर्षे त्या दारातून कुणी गेले नाही. न्यूमोनियाने तिला नेले तेव्हा अंत्यसंस्कार कोणी करायचे यावरूनही वाद झाला, आणि अखेर नात्यातल्या माणसाने व रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी मिळून तिला अग्नी दिला. तिच्या मौनाचा वाचक कोण, हा वाद चितेपर्यंत तिच्याबरोबर चालत गेला.

त्यानंतर कागद आला. मिनू मसानींनी मुंबईत १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती, तेव्हापासूनच्या मागणीला ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मान्यता दिली: सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणसाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येईल. ती पद्धत इतकी किचकट होती की २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते, आणि रुग्णालयात दोन वैद्यकीय मंडळे निर्णय तपासतात. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी असे इच्छापत्र नोंदवून पायंडा पाडला. मी याचे मनापासून स्वागत करते. पण हा कागद लिहिणारी माणसे कोण आहेत, तेही दिसते: ज्यांनी घराची, शेअर्सची, लॉकरची वारसनोंद वेळेवर केली तीच. ज्या देशात बापाची जमीन तीन पिढ्या तोंडी वाटणीवर चालते, तिथे मरणाची इच्छा कागदावर मागणे म्हणजे बहुसंख्यांना गप्प ठरवणे होय. आणि गप्प माणसाची इच्छा यंत्राच्याच बाजूची धरायची, हा नियम कोणी केला? मौन हा यंत्राला दिलेला होकार नव्हे. लेखी काही नसतानाही जवळच्यांच्या संमतीने आणि त्याच दोन मंडळांच्या तपासणीने उपचार थांबवता येतात, हे २०२३ च्या निर्देशांत स्पष्ट आहे. पण किती वॉर्डांत ते नातेवाइकांना समजावून सांगितले जाते?

समजावले जात नाही, तिथे जे घडते ते सगळ्यांना माहीत असते आणि कुणी त्याला निर्णय म्हणत नाही. पैसे संपतात, किंवा आशा, किंवा दोन्ही. मोठा मुलगा एका छापील कागदावर सही करतो, की आम्ही पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. व्हेंटिलेटर काढला जातो. रुग्णवाहिकेत एक मुलगा किंवा पुतण्या रबराची अँबू बॅग हातात घेतो आणि गाव येईपर्यंत दाबत राहतो, कारण म्हाताऱ्याचा शेवटचा श्वास उंबरठ्याच्या आत व्हायला हवा. ती पिशवीही डेन्मार्कचीच, कोपनहेगनच्या साथीनंतर चार वर्षांनी तयार झालेली. तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या पिशव्या जगवण्यासाठी दाबल्या, आणि इथे कशेडीच्या घाटात कुणी पोरगा ही दाबतो आहे ते घरी पोचवण्यासाठी, केव्हा थांबायचे हे त्याला कुणी न सांगता. ज्याला कायद्याने नाव द्यायला आपण अनेक दशके वाद घातला, ते त्याने एकट्याने, वळणावळणाच्या रस्त्यावर, रात्री करायचे. पुढे आयुष्यभर त्याच्या हाताला ते आठवत राहील.

त्या पोराचा विचार करताना मला २०२३ च्या निर्देशांतली दोन मंडळे, दंडाधिकाऱ्याला दिलेली सूचना, अठ्ठेचाळीस तासांची मुदत, या रुक्ष तरतुदींचा अर्थ निराळा दिसू लागतो. सत्य शोधणे हे त्यांचे काम खरेच, पण एकट्या माणसाच्या हातावरचे ओझे अनेक हातांत वाटून देणे हेही त्यांचेच काम. रुग्णाची इच्छा नेमकी काय होती, हे कळण्याची शक्यता कागद असतानाही अपुरीच असते. पंचेचाळिसाव्या वर्षी लिहिलेली ओळ ऐंशीव्या वर्षाच्या देहाला लागू पडेल का, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. चुकीची भीती कुठल्याही वाचकाला असतेच, मग तो कागद वाचणारा असो की ओठ. डॉक्टरांनी बाहेर येऊन "आता काय करायचं, तुम्हीच सांगा" असे विचारण्याऐवजी "ते इथे बसले असते तर काय म्हणाले असते?" एवढे विचारले, तरी बाकावरच्या माणसांच्या मानेवरचे जू हलके होईल, कारण मग निकाल त्यांना द्यायचा नसतो, साक्ष द्यायची असते.

माझे इच्छापत्र मी मुलीसमोर बसून लिहिले. यंत्र नको, नळी नको, वेदना थांबवणारे औषध मात्र हात न आखडता द्यावे, हे सारे सहज लिहिले गेले. मग तिने विचारले, "आई, तू तोंड फिरवलंस आणि मला वाटलं तुला नकोय, पण खरं तर नुसतं तोंड कडू झालं असेल, तर?" मला तिच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, कारण ते उत्तर माझ्या आत्याच्या वहिनीलाही देता आले नसते, आणि केईएमच्या त्या बायकांनाही नाही. अशा वेळी जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला काय देऊ शकतो, याचा मी बराच वेळ विचार केला. वकिलांनी दिलेल्या मसुद्यात त्यासाठी कलम नव्हते. म्हणून नोटरीकडे जाण्यापूर्वी मी माझ्या अक्षरात शेवटी एक ओळ जोडली: माझ्या मुलीने माझ्या खुणा वाचून जे ठरवले ते पुढे कधी तिला चुकीचे वाटले, तरी ते मीच ठरवले होते असे तिने धरावे.